शिंकोबा आणि बालवाडीचा जावई

शिंकोबांना लोक शिंकोबा का म्हणत, हे शोधायला फार खोलात जायला नको. शिंका मोजणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. त्याही माणसांच्या नव्हे, फेरेटांच्या. फेरेट म्हणजे मुंगूस आणि मांजर यांच्या मधलं एक लांबट, लवचीक जनावर. ते उचललं की दोन्ही बाजूंनी ओघळतं आणि याच्या अंगात हाडं घालायची राहून गेली की काय अशी शंका येते. गोदामांची रांग संपली की पुढे एक लांबलचक पांढरी इमारत होती. तिथे जीवघेण्या विषाणूंवर लस शोधायचं काम चाले. त्या इमारतीत फेरेटांना खाऊपिऊ घालणं, त्यांची वजनं घेणं, पिंजरे झाडणं आणि कोण किती वेळा शिंकलं ते टिपणं, हे शिंकोबांचं काम. हे ऐकून नवखा माणूस हसायचाच. शिंकोबा त्याला पोटभर हसू देत आणि मग विचारत, ‘‘तू काय मोजतोस?’’

त्या वेळी सगळ्यांच्या डोक्यात एकच आजार होता. वटवाघळांकडून माणसांत आलेला ताप. सीमेपलीकडच्या गावांत तो मधूनच उठायचा, काही घरं रिकामी करायचा आणि पुन्हा कुठेतरी दडी मारून बसायचा. त्याच्यावर औषध नव्हतं. लस करून बघायची तर ती एकदम माणसाला टोचता येत नाही. साधा उंदीर घ्यावा, तर त्याला या तापाचं काही सोयरसुतक नाही, तो ढिम्म बसून दाणे खातो. फेरेटाला मात्र हा ताप माणसासारखाच चढतो. आधी नाक गळतं, मग शिंका, मग श्वास. म्हणून लस आधी फेरेटांना टोचायची, काही आठवडे थांबायचं, मग बंद खोलीत नेऊन त्यांना तोच विषाणू द्यायचा आणि बघायचं, कोण तरतं. काहींना लस दिलेली असे, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे शिंकोबांना सांगत नसत. माहीत असलं तर मोजणाऱ्याचा कान पक्षपात करतो.

शिंकांबरोबर त्यांना आणखी एक टिपावं लागे, ते म्हणजे जनावराची तरतरी. आपण होऊन खेळतंय तर शून्य. डिवचल्यावर खेळतंय तर एक. डिवचलं तरी नुसतं बघतंय तर दोन. आणि बघतही नाही तर तीन. वर्षानुवर्षं हेच केल्यानं शिंकोबांची नजर अशी झाली होती की समोर माणूस आला तरी ते आकडाच लावत. बायको शून्य. शेजारचे निवृत्त कारकून दोन. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जन्मापासून एक. त्याला डिवचल्याशिवाय तो खुर्चीतून उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. असं आकड्यांत बोललं की बायको म्हणे, ‘‘अहो, माझ्या माहेरच्यांना पिंजऱ्यात कशाला घालता?’’ त्यावर मेहुणा म्हणे, ‘‘असू दे ताई, तिथे जेवण वेळेवर मिळतं.’’

शिंकोबा जगाला अरेतुरे करत. मेहुण्याला, शेजाऱ्याला, बसच्या वाहकाला, सगळ्यांना. फेरेटांना मात्र अहोजाहो. ‘‘या, उठा, वजन करून घेऊ या तुमचं. आज जेवला नाहीत?’’ असं चाले. एका नव्या डॉक्टरनं खो खो हसत कारण विचारलं. शिंकोबा पिंजऱ्याची कडी लावत म्हणाले, ‘‘आपल्यासाठी मरायला आणलंय त्यांना. अरे म्हणायला जीभ रेटत नाही.’’

आता खरी गंमत पुढे आहे. लोकांना वाटे, अशा ठिकाणी काम करणारा माणूस घरी रोग घेऊन येईल. शेजारीपाजारी सुरुवातीला त्यांच्यापासून दोन हात लांबच चालत. प्रत्यक्षात सगळं उलटं होतं. फेरेटांपासून शिंकोबांना भीती नव्हती, शिंकोबांपासून फेरेटांना होती. माणसाची साधी सर्दी, साधा फ्लू फेरेटाला बघता बघता लागतो. आणि लस टोचलेल्या फेरेटाला बाहेरचा फ्लू झाला की संपलंच सगळं. मग ते शिंकतंय ते कशानं आणि तगलंय ते कशानं, हे सांगायला कुणी देव येत नाही. सगळी खेप फुकट जाते. फुकट गेलेली जनावरं परत पाठवत नाहीत, हेही शिंकोबांना ठाऊक होतं.

असं एकदा झालंही होतं. ट्यूब बदलायला आलेला वायरमन सर्दी लपवून आत शिरला, शिडीवर चढला आणि वरून मनसोक्त शिंकला. त्या खेपेचं पुढे काय झालं ते शिंकोबा कुणाला सांगत नसत. इमारतीच्या मुख्य शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या होत्या. शिंकोबा त्यांच्या दोन पायऱ्या खाली बसले होते. तेव्हापासून नाकातून वारं आल्यासारखा आवाज जरी कुणी काढला तरी शिंकोबांच्या अंगावर काटा येई.

घरात तर या प्रकारानं सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. पाहुणा दारात आला की ‘या, बसा’ नाही, आधी ‘नाक कसंय?’ नाक वाहतं असलं तर पाहुण्याला बाहेरच्या पायरीवर चहा. मेहुण्याला एकदा शिंक आली तेव्हा शिंकोबा जेवणाचं ताट घेऊन गच्चीवर गेले आणि मेहुणा परत जाईपर्यंत खाली उतरले नाहीत. बायकोला सर्दी झाली की ते सरळ इमारतीजवळच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायला जात. बायको म्हणे, ‘‘इतर बायकांना नवरा माहेरी पाठवतो. माझा स्वतःच जातो.’’

आणि मुलगी. एकुलती एक. ती लहान असताना तिला सर्दी झाली, ताप आला, की बाबा घराबाहेर. मग संध्याकाळी ते रस्त्यावरून येत, खिडकीशी उभे राहत आणि काचेपलीकडून तोंडं वेडीवाकडी करून तिला हसवत. कितीतरी वर्षं तिचा समज होता की आजारी मुलांचे बाबा खिडकीतच असतात. शेजारच्या मुलीचे बाबा तापाच्या वेळी तिच्या उशाशी बसलेले पाहून तिनं आईला विचारलं होतं, ‘‘यांच्याकडे खिडकी नाही का?’’ हा किस्सा शिंकोबा मोठ्या हौसेनं सगळ्यांना सांगत. मुलीनं तो कधी सांगितला नाही.

मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिथे तिला एक माणूस भेटला. तो वरचेवर चष्मा मोडून आणत असे. कधी दांडी तुटलेली, कधी काच. एकदा तर चष्म्यावर चिकणमातीचा हत्ती चिकटलेला होता. हा माणूस बालवाडीत मास्तर होता. चार-पाच वर्षांची पोरं त्याच्या अंगावर चढत, त्याच्या चष्म्याला लोंबकळत आणि त्याच्या शर्टाला नाकं पुसत. माणूस सोन्यासारखा होता. फक्त बारा महिने, तेरा त्रिकाळ सर्दी.

मुलीनं घरी सांगितलं तेव्हा शिंकोबांनी आधी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस काय करतो, असं विचारलं. ‘बालवाडीत मास्तर’ हे शब्द ऐकल्यावर ते उठून उभे राहिले.

‘‘बालवाडीत?’’ ते म्हणाले. ‘‘अगं, तुरुंगातला आणला असतास तरी चाललं असतं. निदान त्यांना कोंडून तरी ठेवतात. बालवाडी म्हणजे जगातल्या सगळ्या सर्द्यांचं माहेरघर!’’

‘‘बाबा, तो माणूस चांगला आहे.’’

‘‘माणसाबद्दल कोण बोलतंय? मी नाकाबद्दल बोलतोय.’’

‘‘नाक सोडून लग्न करता येत नाही,’’ मुलगी म्हणाली आणि आत निघून गेली. बायकोनं शिंकोबांकडे अशा नजरेनं पाहिलं की ते गुपचूप खाली बसले.

शेवटी असं ठरलं की भावी सासऱ्यानं भावी जावयाला एकदा भेटावं. भेट बागेत ठेवली, उघड्यावर. शिंकोबा वेळेआधी गेले, बोट ओलं करून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाचं बाकडं धरलं. मास्तरला पार पलीकडचं, कारंज्याजवळचं बाकडं दिलं. मधे हिरवळ, हिरवळीवर खेळणारी माणसं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मुलाखत सुरू झाली.

‘‘घोरतोस का?’’ शिंकोबांनी हाक मारल्यासारखं विचारलं.

‘‘सर्दी असली की!’’ पलीकडून उत्तर आलं.

‘‘म्हणजे रोज?’’

‘‘हो!’’

खेळणारी माणसं थांबून दोन्हीकडे माना वळवायला लागली. एक आजोबा मास्तरच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि त्याच्या वतीनं उत्तरं द्यायला लागले. मुलगी मधोमध उभी राहून दोघांकडे पाहत होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

‘‘तिला सांभाळशील का?’’ शिंकोबांनी शेवटचा प्रश्न टाकला.

मास्तर उठला. तो वाऱ्यावर मात करण्याइतक्या मोठ्यानं ओरडला, ‘‘तिला सांभाळायला नको! ती मला सांभाळते! पण ती आजारी पडली तर मी जवळ बसेन!’’

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. त्याला टोमणा मारायला येतच नसे, बालवाडीत त्याचा उपयोग नाही. पण शिंकोबांच्या वर्मी लागायचं ते लागलं. ते बाकड्यावरून उठले. मग त्यांनी दोन्ही हात वर करून होकार दिला आणि बागेतल्या लोकांनी, ज्यांचा या घराशी काहीएक संबंध नव्हता, जोरात टाळ्या वाजवल्या.

लग्न साधं करायचं ठरलं. नोंदणी अधिकाऱ्यासमोर सह्या आणि मग एका लहानशा सभागृहात जेवण. बालवाडीला सुट्टी लागली की पुढच्याच आठवड्यातली तारीख धरली. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात माशी शिंकली. सीमेपलीकडे ताप पुन्हा उठला, आणि या वेळी गावात नाही तर मोठ्या शहरात. बाईंवर वरून तगादा सुरू झाला. फेरेटांना लस टोचून झाली होती, थांबायचे आठवडे संपत आले होते. त्यांना बंद खोलीत न्यायची तारीख अलीकडे ओढली गेली आणि ती नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली.

बाईंनी शिंकोबांना बोलावून घेतलं. ‘‘आत तुम्हीच हवे आहात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही खेप तुम्ही वाढवलीत. तुमच्या हाताला ती घाबरत नाहीत. पण लग्नाची गर्दी... मी नको म्हणणार नाही. तुमची मुलगी आहे. फक्त नाक वाहायला लागलं तर आत येता येणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.’’

आत जायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत हवाबंद पोशाख घालायचा, नळीतून येणारी हवा घ्यायची. त्या पोशाखात शिंक आली तर पुसायची सोय नाही. आणि आत जायला नसेल मिळालं, तर ज्या कामासाठी अर्धं आयुष्य शिंका मोजल्या, त्याचा शेवट दुसरं कुणीतरी बघणार. शिंकोबा घरी आले ते तोंड पाडून. बायकोनं विचारलं, त्यांनी सांगून टाकलं. मुलगी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘‘तारीख पुढे ढकलू का?’’ शिंकोबांनी विचारलं.

‘‘नको बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘सुट्टी संपली की त्याला पुन्हा सर्दी. तुम्ही खिडकीतून पाहिलंत तरी चालेल. मला सवय आहे.’’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सहज बोलली, घडी घालता घालता, जसं कुणी म्हणतं की साखर कमी असली तरी चालेल. आजवर ज्या किश्शावर ते हसत आले होते, तो किस्सा पहिल्यांदाच त्यांना मुलीच्या बाजूनं दिसला.

‘‘मी दारातून येणार,’’ ते म्हणाले. ‘‘आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत तुझ्या शेजारी उभा राहणार. बघशील तू.’’

मग त्यांनी कंबर कसली. ‘लग्न पण करायचं आणि नाक पण सांभाळायचं’ असा एकदा निश्चय झाल्यावर त्यांनी लग्नघराला इमारतीचेच नियम लावले. पहिला बळी जावई. मास्तरनं सुट्टी लागल्यावर थेट खोलीत जाऊन बसायचं, कुणाला भेटायचं नाही, जेवण दाराबाहेर. मास्तर बिचारा कबूल झाला. शिवणकामाच्या दुकानावर त्याची खोली होती, तिथे तो एकटा कागदाची जनावरं करत बसला. आणि चमत्कार झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाक मोकळं झालं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं, तर खरोखरच गेला. फक्त मुलीनं फोन केला आणि घाबरून रिसीव्हर आईच्या हातात दिला.

‘‘आई, हा कोण बोलतोय बघ. माझ्या माणसाचा आवाज बुजलेल्या नळासारखा आहे. हा कुठला रेडिओवरचा?’’

दोन दिवस ती त्याच्याशी फोनवर परक्यासारखी, जपून बोलत होती. मग तिला त्या आवाजाची सवय झाली.

दुसरा बळी विहीणबाई. शिंकोबांनी निरोप धाडला की तुमच्याकडच्या मंडळींपैकी ज्यांना सर्दी-पडसं असेल त्यांनी कृपया आशीर्वाद फोनवर द्यावेत. विहीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘आम्ही मुलाचं लग्न करतोय की गुरांच्या बाजाराला चाललोय?’’ त्यांनी विचारलं. शिंकोबांच्या बायकोनं त्यांच्याकडे जाऊन कसंबसं प्रकरण मिटवलं. काय सांगितलं ते तिनं कधी उघड केलं नाही. पण ती परत आल्यावर विहीणबाईंचा निरोप आला, ‘‘तुमचं सगळं कसं निभावलंत हो इतकी वर्षं?’’

लग्नाच्या दिवशी सभागृहाच्या दारात मेहुणा उभा केला होता. हात धुवायला पाणी, तोंडाला लावायला पट्टी, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, ‘‘नाक कसंय?’’ त्याला इतका वेळ आपण होऊन काम करताना पाहून शिंकोबांनी मनातल्या मनात त्याला शून्य देऊन टाकलं. एका चुलत्यांना दारातच शिंक आली. मेहुण्यानं त्यांना आदरानं हात धरून बाहेरच्या झाडाखाली नेलं, खुर्ची दिली, ताटही तिथेच पाठवलं. चुलते म्हणाले, बरं झालं, आत भाषणं होणार होती.

सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. शिंकोबा नव्या शर्टात मुलीच्या उजव्या हाताला उभे होते, शब्द दिल्याप्रमाणे, अगदी खांद्याला खांदा लावून. डाव्या हाताला मास्तर, मोकळ्या नाकाचा, नवाकोरा चष्मा लावलेला. नोंदणी अधिकाऱ्यानं दोघांना विचारायचं ते विचारलं. मास्तरनं रेडिओवरच्या आवाजात होकार दिला. त्यानं सही केली. मुलीनं पेन हातात घेतलं, वाकली आणि शिंकली.

एकच शिंक. पण शिंकोबांना दुसरं कुणी काही सांगायला नको होतं. कोरडी शिंक कोणती, धुळीची कोणती, मिरीची कोणती, हे त्यांचा कान झोपेतही सांगे. ही ओली होती, आतून आलेली, अस्सल. सगळ्या गावाला नाक विचारलं होतं. बालवाडीचा मास्तर कोंडून घातला होता. आणि घरची मुलगी आदल्या दिवसापर्यंत चष्म्याच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांच्या नाकावर चष्मे बसवत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दारातून मेहुणा आत धावला आणि मधेच थांबला. आत्ता आपल्या बहिणीच्या मुलीला झाडाखाली न्यायचं की काय, हे त्याला कळेना. बायकोनं तोंडावर हात ठेवला. शिंकोबांच्या मागे तीन पावलांवर दार होतं, उघडं. त्यांचे पाय सवयीनं वळलेही.

तेवढ्यात मुलीनं दुसरी शिंक कोपरात दाबली, तोंड बापाच्या विरुद्ध दिशेला फिरवलं आणि न बघता उजवा हात सरळ पुढे केला, तळवा त्यांच्याकडे करून. ‘‘बाबा, मागे व्हा,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या तुम्हाला आत जायचंय.’’

तो हात शिंकोबांनी ओळखला. त्यांनीच तो तिला शिकवला होता, ती धड बोलायलाही लागली नव्हती तेव्हा. शिंक आली की तोंड फिरव आणि बाबांना हातानं थांबव. त्या वेळी पाहुण्यांसमोर ते तिच्याकडून हे करून दाखवत, आणि सगळे म्हणत, पोर किती गुणी! आज ती पोर स्वतःच्या लग्नात, डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि बापाला आपल्यापासून वाचवायला हात लांब करून उभी होती. शिंकोबांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी तोंडावरची पट्टी काढली. तिचा तो हात खाली घेतला, स्वतःच्या हातात धरला. नव्या शर्टाच्या खिशातून रुमाल काढून त्यांनी तिचं नाक पुसलं. हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं, त्यामुळे फारच जोरात पुसलं.

‘‘अहो बाबा, दुखतंय!’’

‘‘दुखू दे,’’ शिंकोबा म्हणाले. ‘‘सही कर आधी. पेन वाळेल.’’

‘‘आणि फेरेट?’’

‘‘त्यांची काळजी घेणारे इमारतीत आणखी आहेत. तुझा बाप मी एकटाच आहे. कर सही.’’

तिनं सही केली. ती जराशी वाकडी आली आणि सहीवर एक थेंब पडला, तो नाकातला की डोळ्यातला याची चौकशी अधिकाऱ्यानं केली नाही. विहीणबाई उठून पुढे आल्या, त्यांनीही तोंडावरची पट्टी काढून टाकली आणि सुनेला कुशीत घेतलं. मग काय, सगळ्यांनीच काढल्या. बाहेरच्या चुलत्यांना आत बोलावलं. मेहुणा आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि जेवण वाढेपर्यंत हलला नाही.

शिंकोबांनी मधेच अंगणात जाऊन बाईंना फोन केला. ‘‘बाई, उद्या मी आत येत नाही. मुलीला सर्दी झालीय आणि मी तिच्याजवळ आहे.’’ मग बाई म्हणाल्या, ‘‘जवळ आहात ना? मग जवळच राहा. आत मी तुमच्या हाताखालच्या मुलीला पाठवते.’’ शिंकोबा परत आत आले आणि शेवटचा पाहुणा जाईपर्यंत मुलीच्या शेजारी उभे राहिले. दर दोन घासांना ती शिंकत होती आणि ते रुमाल पुढे करत होते. मास्तर दुसऱ्या बाजूनं पाणी देत होता. आपलं नाक मोकळं आणि बायकोचं बंद, हा प्रकार त्याला नवा होता आणि तो मनापासून खूश दिसत होता.

तिसऱ्या दिवशी शिंकोबा आडवे झाले. डोकं जड, नाक बंद, घसा खवखवतोय. वर्षानुवर्षं चुकवलेल्या सगळ्या सर्द्या एकदम व्याजासकट वसूल झाल्यासारखं वाटत होतं. बायको काढा देत होती आणि मधेच तोंड वळवून हसत होती. आणखी दोन-तीन दिवस गेले, नाक काही सुटलं नाही, आणि एका दुपारी बाईंचा फोन आला.

‘‘सगळे आत गेले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ती मुलगी नीट करते आहे. पहिल्या दिवशी तिच्या हातात कुणी येईना. मग ती ‘या, बसा’ म्हणायला लागली तेव्हा आले.’’

‘‘खेळतात का?’’

‘‘काही खेळतात. काही झोपून असतात. कुणाला काय टोचलंय ते अजून मलाही माहीत नाही. थोडे दिवस जाऊ द्या. पण खेळणारे बरेच आहेत, एवढं सांगते.’’

शिंकोबांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं, आणि जे झोपून होते त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. त्यांना दोन्ही एकदम वाटत असे, नेहमीच. मग त्यांना पाठोपाठ तीन शिंका आल्या आणि फोन हातातून पडता पडता राहिला.

‘‘अरे बाप रे,’’ बाई ठाऊक असूनही चेष्टेनं म्हणाल्या. ‘‘भलतीच जोरदार सर्दी दिसते आहे. तुम्ही तर कधी कुणाची लागू दिली नाहीत. कुणाची लावून घेतलीत ही?’’

शिंकोबा उशीला टेकून नीट उठून बसले. घसा साफ केला, पण आवाज काही सुधारला नाही.

‘‘माझ्या लेकीची आहे,’’ ते म्हणाले.